बाळा पराडकरांचा दोन किलोचा बंब

पोरीच्या लग्नात बापाने जावयाला काय द्यावं? अंगठी द्यावी, घड्याळ द्यावं, गेला बाजार मिक्सर तरी द्यावा. बाळा पराडकरांनी आग विझवायचा बंब दिला. दोन किलोचा, लालभडक, मानेला सोनेरी रिबीन बांधलेला. विहीणबाईंनी आधी तो पाण्याची फॅन्सी बाटली समजून कौतुकाने हातात घेतला, मग त्यावरचं लिखाण वाचलं आणि हॉलभर अशी काही नजर फिरवली, की अक्षता, म्हणजे नवरी, मुंडावळ्यांच्या आडून बापाकडे बघून दात-ओठ खायला लागली. बाळाकाका मात्र जावयाला शांतपणे समजावत होते, "पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, मूठ दाबायची आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे. कळलं ना? स्वयंपाकघरात नको ठेवू, दाराशी ठेव."

असा हा माणूस! बोरिवलीच्या शुभलक्ष्मी सोसायटीत त्यांना सगळे बंबवाले बाळाकाका म्हणायचे. गणपतीचा मंडप पडला, की मखराच्या बाजूला बाळाकाकांचा बंब. कोणाकडे सत्यनारायण, तिथे चौरंगामागे बंब. दिवाळीत पोरं भुईनळे लावायची आणि हे बंब मांडीवर घेऊन खुर्ची टाकून बसायचे. पोरं मुद्दाम विचारायची, "काका, आज तरी उडवणार का?" काका म्हणायचे, "गपा रे मेल्यांनो, नीट लांब उभे राहा." पण मनातून त्यांना ते लागायचं, हे कोणाला कधी कळलं नाही.

त्याचं कारण असं. बाळाकाकांचे वडील मालवणहून येऊन परळच्या गिरणीत लागले होते. बाळाकाका वयात आले तोवर गिरण्यांचा बाजार उठला होता, म्हणून ते साकीनाक्याच्या एका गाळ्यात चिकटले. काम एकच, आग विझवायचे बंब भरायचे. ऑफिसांतून, शाळांतून, नाटकाच्या थिएटरांतून बंब यायचे. प्रत्येकाच्या मानेला पुठ्ठ्याची चिठ्ठी असायची आणि तिच्यावर एक चौकोन, 'परत येण्याचं कारण'. बाळाकाका तिथे लिहायचे, 'मुदत संपली'. मग बंब उघडायचा, जुनी पावडर ओतायची, नवी भरायची, गॅस चढवायचा, काट्याची सुई हिरव्यात आली की पिन घालून सील मारायचं. बत्तीस वर्षं! किती हजार बंब त्या हातांखालून गेले असतील, त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि प्रत्येक चिठ्ठीवर तेच, मुदत संपली, मुदत संपली, मुदत संपली. दुसरं काही लिहायची पाळीच आली नाही. आपण भरलेल्या एका तरी बंबाने कुठेतरी आग विझवली, असं बाळाकाकांना कोणी येऊन सांगितलं नाही.

निरोपसमारंभात मालक म्हणाला, "बाळा, तुझ्या कामाची गरजच पडली नाही, हेच तुझं यश." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, वडापाव. बाळाकाका घरी आले आणि सुलक्षणाकाकूंना म्हणाले, "म्हंजे बत्तीस वर्षां मी काय केलंय गो?" काकूंनी नारळ हातात घेऊन हलवून बघितला आणि म्हणाल्या, "चार जीवांक जेवूक घातलात. तां काय कमी झाला?" विषय तिथेच संपला, पण काकांच्या मनातून काही गेला नाही.

आता नंदकिशोर विजयकर. दुसऱ्या मजल्यावर राहणारा, बँकेतून रिटायर झालेला, बाळाकाकांचा जिगरी दोस्त. म्हणून आपणही त्याला अरे-तुरेच करू. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मुंबईकर. घरात आजोबांच्या काळातली झुंबरं, चांदीची अत्तरदाणी आणि खाली कंपाउंडमध्ये वडिलांची एकोणीसशे चौसष्टची गाडी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट बाकड्यासारखी सलग, रंग दुधात हळद टाकल्यासारखा. सोसायटीत तिला सगळे 'चौसष्ट' म्हणायचे. वडील गेल्यावर ती बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. रिटायर झाल्यावर नंदकिशोरने ताडपत्री काढली आणि पुढची सहा वर्षं दुसरं काही केलं नाही. कुर्ल्याच्या भंगारबाजारात जाऊन दाराची कडी आण, कोणाच्या माळ्यावरून हेडलाइटची काच आण. त्याचा एकच हट्ट, सगळं ओरिजिनल हवं. स्क्रूसुद्धा त्या काळातला हवा! त्याची बायको जयंती म्हणायची, "त्या गाडीत फक्त नवरा नवीन बसवायचा राहिलाय."

आणि सहा वर्षांनी, नेमकं दसऱ्याच्या मुहूर्तावर, चौसष्टला सिनेमात काम मिळालं. मढच्या एका बंगल्यात शूटिंग होतं. जुन्या काळची गोष्ट, जुन्या काळची गाडी हवी. नंदकिशोर आठ दिवस जमिनीवर नव्हता. गाडी पॉलिश करून करून त्याने स्वतःचं तोंड तिच्यात बघायची सोय करून ठेवली.

दोघांचं वाजलं ते आदल्या आठवड्यात. बाळाकाका बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते आणि नाक वर करून हुंगत होते.

"नंद्या, पेट्रोलचा वास येतोय रे."

"गाडी आहे. पेट्रोलचाच येणार. काय मोगऱ्याचा येऊ दे?"

"हा रबरी पाइप बघ. बोटाने वाकवला तर भेगा दिसतात. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये ते इथेनॉल घालतात, ते जुन्या रबराला खातं. बदल हा."

"ओरिजिनल आहे तो! साठ वर्षांपूर्वीचा! केवढा शोधून आणलाय, माहितीये तुला?"

"म्हणून तर सांगतोय. साठ वर्षांचा माणूस तरी धड राहतो का? त्याच्या खालीच गरम इंजिन आहे. थेंब पडला की वाट लागली. निदान गाडीत बंब तरी ठेव."

"मुळीच नाही," नंदकिशोर म्हणाला. "एक तर चौसष्टच्या गाडीत तो लाल डबा भिकार दिसेल. आणि दुसरं, गाडी पेटणार असं धरूनच का निघायचं? कसले रे हे डोहाळे तुला? बत्तीस वर्षांत एक आग मिळाली नाही, म्हणून माझ्या गाडीवर डोळा ठेवून बसलायस तू!"

बोलला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. बाळाकाका जिना चढून गेले. तीन दिवस दोघं बोलले नाहीत. सोसायटीच्या बाकावर दोन टोकांना बसून एकाच पेपरची वेगवेगळी पानं वाचायचे. चौथ्या दिवशी नंदकिशोर स्वतः वर आला, न विचारता पाटावर बसला आणि म्हणाला, "सुलक्षणावहिनी, चहा टाका. आणि त्या बंबवाल्याला सांगा, मढला आपण चौघं जायचंय. बंब घे म्हणावं. पण सीटखाली, गोणपाटात गुंडाळून. कॅमेऱ्यात दिसता कामा नये."

"नळी बाहेर राहील," आतून आवाज आला.

"टोकसुद्धा दिसता कामा नये!"

"बरं," बाळाकाका म्हणाले आणि बाहेर येऊन त्याच्या बशीतला अर्धा चहा पिऊन टाकला. झालं, भांडण मिटलं.

दसऱ्याच्या सकाळी कंपाउंडमध्ये सगळ्या गाड्यांना झेंडूची तोरणं लागली होती. चौसष्टपुढे रांगोळी, चाकांखाली लिंबं. नंदकिशोर सोवळं नेसून कापूर घेऊन बॉनेट उघडायला निघाला, इंजिनाला ओवाळायला म्हणून. बाळाकाकांनी त्याचं मनगटच धरलं. "ओवाळायचं तर लांबून ओवाळ, बॉनेटपासून चार हात." नंदकिशोरने नाक मुरडलं, पण ऐकलं. दसऱ्याला भांडण नको.

बाजूलाच पाटावर पराडकरांची हत्यारं मांडली होती. गाळ्यात खंडेनवमीला बाळाकाका पान्हे, पकडी आणि एक भरलेला बंब मांडून पूजा करायचे. रिटायर झाल्यावर घरी दसऱ्याला करायला लागले. यंदा पाटावर दोनच गोष्टी होत्या, दोन किलोचा बंब आणि सुलक्षणाकाकूंचा नारळ फोडायचा कोयता. दोघांना हळदकुंकू, दोघांवर फूल. आज तर बंब कामगिरीवर निघालेला, तेव्हा बाळाकाकांना भरून आलं. त्यांनी लाल-पिवळी नाडाछडी घेतली आणि बंबाला बांधली. कुठे? तर थेट पिनेच्या कडीतून ओवून मुठीभोवती. एक वेढा, दोन वेढे, सात वेढे, आणि वर आजोबांनी शिकवलेली होडी बांधायची गाठ. ती गाठ मालवणच्या धक्क्यावर भर तुफानात सुटत नसे.

ज्या माणसाने बत्तीस वर्षं वॉचमनलोकांना शिव्या घातल्या, पिनेला चाव्या अडकवू नका रे, छत्री टांगू नका रे, त्या माणसाने हे केलं. भक्ती हो, दुसरं काय! त्यांच्या डोक्यात तेव्हा पिन नव्हतीच, देव होता.

साडेनऊला चौसष्ट निघाली. पुढे नंदकिशोर आणि बाळाकाका, मागे जयंती आणि सुलक्षणाकाकू. काकूंच्या मांडीवर परडी, त्यात आपट्याची पानं, मढच्या देवीला द्यायचा नारळ आणि कोयता.

"वहिनी, कोयता कशाला? देवळात दगड असतो की," नंदकिशोर म्हणाला.

"दगडार फोडलो तर अर्धा पाणी जमिनीत जाता," काकू म्हणाल्या. "माझो कोयतो बरो."

काय ती मजा! कांदिवलीच्या सिग्नलला रिक्षावाले मान वाकडी करून बघत होते. एका बाईकवाल्याने विचारलं, "अंकल, कौनसा मॉडेल?" आणि सिग्नल सुटेपर्यंत नंदकिशोरने त्याला वडिलांनी गाडी कशी घेतली इथपर्यंत सांगत आणलं. मागून सगळी मुंबई हॉर्न मारत होती. जयंतीने जुनी गाणी म्हणायला सुरुवात केली आणि काकूंनी पुढच्या ओळी चुकवायला. बाळाकाका पाय फाकवून बसले होते, दोन टाचांच्या मध्ये गोणपाटातला बंब. मालाडला मालवणीच्या नाक्यावर अर्धा तास ट्रॅफिक लागलं. इंजिन तापलं. बाळाकाकांचं नाक पुन्हा वर झालं.

"नंद्या, वास येतोय."

"सुक्या मासळीचा आहे. मढ आलं."

"मी मालवणी आहे रे, मासळीचा वास मला शिकवू नको. बाजूला घे."

"साडेअकराला पोहोचायचंय!"

एरंगळच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला. डावीकडे माड, उजवीकडे कोणाच्यातरी वाडीचं कुंपण. नंदकिशोरने वेग वाढवला, आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून निळसर धूर आला. मग काळा. मग फटीत केशरी काहीतरी लपलपलं.

"बंद कर! चावी फिरव! ब्रेक!" बाळाकाका ओरडले. "सुलक्षणा, जयंतीवहिनी, उतरा, माडाकडे पळा!"

चौसष्ट कडेला थांबली. सगळे बाहेर पडले. नंदकिशोरचा चेहरा पांढराफटक. सहा वर्षं! वडिलांची गाडी! तो धावत पुढे गेला आणि बॉनेट उघडायला दोन्ही हात घातले. बाळाकाकांनी त्याला कमरेला धरून मागे खेचला.

"उघडू नको! हवा लागली की भडका उडेल, तोंड भाजेल तुझं! आतली कळ ओढ फक्त. बोटभर फट पुरे मला."

नंदकिशोरने आत वाकून कळ ओढली. बॉनेट टक्‌ करून बोटभर उचललं. आतून सरसर आवाज येत होता. बाळाकाका बंब घेऊन बाजूने पुढे आले, नळी फटीला लावली, अंगठा पिनेच्या कडीत घातला आणि ओढलं.

पिन हलेना.

पुन्हा ओढलं. नाडाछडी! सात वेढे आणि होडीची गाठ! बाळाकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. नखाने गाठ खुपसून बघितली, ती घट्टच झाली. मग काय सुचलं कोण जाणे, बंब छातीशी धरून त्यांनी दात लावले. बॉनेटचा रंग समोर फुगायला लागला होता. बत्तीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता आणि हा माणूस रस्त्याच्या मधोमध बंब चावत उभा होता!

"बाळ्याऽ!" नंदकिशोर किंचाळला. "अरे काय करतोयस?"

"गाठ!" दातांतून एवढंच आलं.

"सोडा तां! दात तुटतले!" सुलक्षणाकाकू माडाकडून पदर खोचून येत होत्या, हातात कोयता. "हय धरा. हालू नकात. बोटां काडा."

बाळाकाकांनी बंब पुढे केला आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं नारळ सोलणारा हात तो. एक घाव, नाडाछडीचे सातही वेढे पाठीकडून सुटले. बोटांना ओरखडासुद्धा नाही.

पिन आली! सील तुटल्याचा तो बारीकसा कट्‌ आवाज बाळाकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा कामाचा म्हणून ऐकला. त्यांनी नळी फटीत धरली, ज्योतीवर नाही, खाली, पाइपाच्या मुळाशी, आणि मूठ दाबली. फुस्सऽऽ! डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. फटीफटीतून पांढरे लोट बाहेर आले. गाडी दिसेना, बाळाकाका दिसेनात, नुसता त्यांचा खोकला ऐकू येत होता. दहा सेकंद असतील. मग बंबाचा जोर संपला आणि सगळं गप्प झालं.

ढग खाली बसला. फटीत अंधार होता. केशरी काही नव्हतं.

"कोणी हात लावू नका," बाळाकाका म्हणाले. ते पाच मिनिटं तसेच उभे राहिले, नळी रोखून, रिकाम्या बंबाची. मग बॉनेट हळूच उचललं, आत वाकून बघितलं, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघितली. सगळीकडे पांढरी साय धरली होती. पाइप जळून दोन तुकडे झाला होता, बाजूच्या दोन वायरी गेल्या होत्या. बस, तेवढंच.

"विझली," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "विझली गो सुलक्षणा! माझ्या बंबान विझली!" आणि ते रस्त्याच्या कडेलाच बसले. एकाच वेळी हसत होते आणि रडत होते, पांढऱ्या तोंडावरून दोन ओले ओघळ उतरत होते. काकू बाजूला बसल्या आणि पदराने त्यांचं तोंड पुसायला लागल्या. पुसलं तेवढं जास्तच पसरलं.

नंदकिशोर त्या पाइपाचा तुकडा हातात घेऊन आला. तोही शेजारी बसला.

"ओरिजिनल," तो म्हणाला.

"हो ना," बाळाकाका म्हणाले.

"बाळ्या, मी तुला त्या दिवशी काय काय बोललो रे..."

"सोड ना. खरंच होतं ते. मिळाली की मला आग!" आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून असे हसायला लागले, की येणाऱ्या टेम्पोवाल्याला वाटलं, म्हाताऱ्यांनी सकाळीच घेतली आहे.

टेम्पो मासळीचा होता. चालवणारा चाळिशीचा विकी, मढचाच. त्याने उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. "कुठे जायचंय, काका?" नंदकिशोरने हताशपणे बंगल्याचं नाव सांगितलं. आता काय शूटिंग आणि काय, बंद पडलेली, पिठात लोळलेली गाडी! विकी म्हणाला, "चला की, दोर आहे माझ्याकडे." आणि चौसष्ट, बोंबलांच्या पाट्यांमागे दोराला बांधलेली, सिनेमात काम करायला निघाली. दोराची गाठ बाळाकाकांनी मारली.

बंगल्याच्या फाटकात माधुरी उभी होती, शूटिंगची सगळी व्यवस्था बघणारी, कानाला हेडफोन लावलेली पोरगी. तिने टेम्पो बघितला, दोर बघितला, मग पांढरी गाडी आणि चार पांढरी माणसं.

"अहो काका, हे काय?"

"चालत नाही ती आता," नंदकिशोर म्हणाला. "इंजिन पेटलं होतं. तुम्ही दुसरी गाडी बघा."

"चालायची कशाला? पोर्चमध्ये उभी करायची आहे फक्त! हिरॉइन टेकून उभी राहते. तुम्हाला सांगितलं नव्हतं का कोणी?"

नंदकिशोरचा जीव असा भांड्यात पडला, की त्याने माधुरीलाच हात जोडले. मग काय, बादल्या आल्या, फडकी आली, सुलक्षणाकाकू आणि जयंती पदर खोचून कामाला लागल्या. तासाभरात चौसष्ट पुन्हा लखलखायला लागली. बॉनेटवर पुरीएवढा फोड आला होता, त्यावर सकाळचंच झेंडूचं तोरण सरकवलं. दसराच होता, शोभून दिसलं.

कॅमेरा लागला. माधुरी धावत आली. "काका, पुढच्या सीटवर ती लाल बाटली कसली? काचेतून दिसतेय. काढा प्लीज."

बंब कोणी ठेवला होता सीटवर? बाळाकाकांनी तर ठेवला नव्हता. त्यांनी घाईघाईने गोणपाट उचललं. "अरे हो, काढतो, काढतो. तसाही रिकामाच आहे आता."

"हात लावू नको," नंदकिशोर म्हणाला. मग माधुरीकडे वळला. हा माणूस बँकेत पस्तीस वर्षं साहेबांपुढे मान खाली घालून उभा राहिलेला. "ती राहील, तर गाडी राहील."

"पण काका, फ्रेममध्ये—"

"तिच्यामुळे तर फ्रेम आहे, बाई. नाहीतर एरंगळच्या रस्त्यावर कोळसा बघायला गेला असतात."

माधुरीने हेडफोनमध्ये काहीतरी विचारलं, पलीकडून काहीतरी उत्तर आलं, ती खांदे उडवून म्हणाली, "ठीक आहे, राहू दे." सीटवर बंब बसला, ऐटीत, मालकासारखा. मुठीला तुटलेल्या नाडाछडीचं एक टोक लोंबत होतं. बाळाकाका पोर्चच्या खांबाआड उभे होते आणि त्यांना समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

शूटिंग संपल्यावर जयंतीने परडीतली आपट्याची पानं काढली. नंदकिशोरने पहिलं पान बंबावर ठेवलं. दुसरं बाळाकाकांच्या हातात देऊन वाकायला लागला, तर काकांनी त्याला मध्येच धरलं. "अरे, तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहेस, गाढवा." तिसरं पान सुलक्षणाकाकूंच्या कोयत्याला मिळालं. देवीला नारळ त्याच कोयत्याने फुटला, आणि पाणी थेंबभरही वाया गेलं नाही.

गाडीला नवा पाइप बसला. झकास, काळाकुट्ट, अजिबात ओरिजिनल नसलेला. पण त्याआधी, दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी, दोघं दोस्त मेट्रो पकडून साकीनाक्याला गेले. गाळ्यात आता राजाराम होता, बाळाकाकांच्याच हाताखाली तयार झालेला, केस पिकलेला.

"या काका! बंब भरायचा? द्या इकडे." त्याने चिठ्ठी काढली, पेन उचललं आणि सवयीने कारणाच्या चौकोनात 'मु' लिहिलासुद्धा.

"थांब," बाळाकाका म्हणाले. "दे ती मला."

त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर घेतली. 'मु' खोडला. मग एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, 'वापरला'.

राजारामने चिठ्ठी वाचली. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली. काट्याकडे बघितलं, सुई लाल भागात तळाला टेकलेली. गाळ्यातले बाकीचे हात थांबले.

"खरंच, काका?"

"माझी गाडी होती," नंदकिशोर म्हणाला. "वडिलांची."

बाळाकाकांनी बंब राजारामपुढे सरकवला.

"भर आता," ते म्हणाले. "आणि राजाराम, पिनेला काही बांधू नको हां."